पुण्याच्या पेठांमधील वारसा फेऱ्या : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी पुण्यातील एका संस्थेच्या वारसा फेऱ्यांचे वार्षिक सभासदत्व घेतले आणि तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार सकाळी सातला न चुकता हजर राहिलो. माझे बालपण कसब्यातच गेल्यामुळे मला नवे काय कळणार, अशी शंका मनात होती. ती सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीच्या देवळासमोर फिटली.

नागझरीच्या काठचे हे देऊळ भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतले. आमच्या मार्गदर्शक बाईंनी आम्हाला आधी दर्शनाला न नेता अर्धा तास बाहेरच थांबवले आणि काळ्या दगडातील दर्शनी भिंत वीत-वीत करून दाखवली. तिथे बंदूकधारी गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंडाने जखडताना कोरलेले आहेत. १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगाल इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्याचे हे रूपक असावे, असे मानले जाते. मात्र हा तर्क आहे, पुरावा नव्हे, हे त्यांनी आवर्जून सांगितले. आत मोरावर बसलेली, तीन सोंडांची मूर्ती पाहताना त्यांनी संस्कृत आणि फारसी शिलालेखही दाखवले. माझ्या मते मार्गदर्शकाची खरी कसोटी इथेच लागते.

तांबट आळीची फेरीही तितकीच मोलाची वाटली. तिथे एका कारागिराने मठारकाम करताना हातोडी थांबवली आणि अर्धवट झालेले घंगाळ आमच्या हाती दिले. ठोक्यांच्या गोल खळ्या बोटांना इतक्या सारख्या लागत होत्या की घरच्या जुन्या बंबाकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो.

शनिवारवाड्याच्या फेरीने मात्र निराशा केली. पन्नासच्या वर माणसे, ध्वनिक्षेपक नाही आणि ऐन उन्हाळ्यात साडेनऊनंतरही उघड्यावर उभे राहणे, हे ज्येष्ठांना सोसवणारे नव्हते. त्याहून खटकले ते असे की, ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेल्या नारायणरावांच्या खुनाविषयी बोलताना त्या दिवशीच्या मार्गदर्शकांनी ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका कागदोपत्री सिद्ध असल्याप्रमाणे सांगितली. वाड्याची पायाभरणी १७३० मधली आणि १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या, एवढे सांगून जोत्यांवरून नीट फिरवले असते, तरी मुलांना वाड्याचा विस्तार कळला असता. मी लेखी तक्रार केली. त्यानंतर एका गटात पंचवीसच माणसे घेतली जातात, पण कथा आणि इतिहास वेगळे सांगण्याची शिस्त अजून सर्व मार्गदर्शकांत आलेली नाही.

सभासदत्व मी पुढेही चालू ठेवणार आहे. नाव नोंदवताना त्या दिवशी मार्गदर्शक कोण आहे, हे आधी विचारून घ्यावे आणि शक्यतो पेठांमधील फेऱ्या निवडाव्यात. त्रिशुंड गणपतीच्या तळघरातील समाधी गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी खुली होते. त्या दिवशी खास फेरी ठेवावी, अशी विनंती मी आयोजकांना केली आहे.