निपाणीकडची ट्रूनॅट थुंकी तपासणी: आमचा अनुभव

निपाणी पट्ट्यात बाई खोकायला लागली की तंबाखूच्या धुळीवर बोट ठेवून सगळे मोकळे होतात. माझी आत्या जन्मभर विड्या वळत आली. संध्याकाळी कणकण, अंग वाळत चाललेलं, तरी गल्लीतल्या डॉक्टरनं खोकल्याच्या बाटल्यांवरच वेळ काढला. ‘थुंकी तपासून घ्या’ हे त्याच्या तोंडून कधी निघालं नाही, याचा मला अजून राग आहे. शेवटी आशाताईंनी सरकारी दवाखान्यात धाडलं.

तिथल्या ट्रूनॅट या टीबीच्या तपासणीला माझे पैकीच्या पैकी मार्क. पैसे लागत नाहीत. मशीन टेबलावर मावतं, बॅटरीवर चालतं, त्यामुळं लाइट गेली तरी काम अडत नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं हे मशीन. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला मान्यता दिली. थुंकीतला डीएनए वेगळा काढून चिपवर टाकला की तासाभरात टीबीचा जंतू आहे का ते कळतं. सापडलाच, तर रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का, तेही दुसऱ्या चिपवर बघतात. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये साधारण ५ ते १० हजार तरी असावे लागतात. ट्रूनॅट त्याहून कितीतरी कमी जंतूही पकडतं.

कमी पडतं ते समजावून सांगणं. खिडकीवर नुसती डबी हातात ठेवतात. आत्यानं आधी लाळच दिली. मग लॅबमधल्या एका मुलीनं तिला बाहेर मोकळ्या हवेत नेलं, चूळ भरायला लावली, ‘आक्का, दम भरून घ्या, आता छातीतनं खोका’ म्हणत पाठीवर हात ठेवून उभी राहिली. दोन-तीनदा खोकल्यावर घट्ट, पिवळट बेडका पडला. मशीन कितीही चांगलं असो, डबीत लाळ गेली तर आजार निसटू शकतो. हे कन्नड आणि मराठीत मोठ्या अक्षरांत खिडकीशी लावायलाच हवं.

आत्याला टीबीच निघाला, पण औषध लागू पडणारा. आता सहा महिन्यांच्या गोळ्या फुकट चालू आहेत, आणि खुराकासाठी निक्षय पोषण योजनेचे महिना १००० रुपये आहेत. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी झाली. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थेट जा. सकाळी उठल्याउठल्या पडणारा बेडका सगळ्यात चांगला, म्हणून डबी आदल्या दिवशीच मागून आणा.