गट पाडायचे कशावरून: गुणांवरून की चुकांवरून?

चौथीची गणिताची पायाभूत चाचणी तपासून झाली की बहुतेक ठिकाणी बेरीज करून तीन गट पडतात: पुढचे, मधले, मागचे. दहा मिनिटांचं काम. चाळीस मुलं आणि एकच शिक्षक असताना हे समजण्यासारखंही आहे. पण दहापैकी पाच गुण मिळवलेल्या दोन मुलांपैकी एकाला हातच्याची वजाबाकी येत नसते, तर दुसऱ्याला शाब्दिक उदाहरणच वाचता येत नसतं. दोघांना एकच सराव देऊन काय साधणार?

दुसरी पद्धत चूक बघते. 52 वजा 28 चं उत्तर 36 आलं, तर मुलाने एककात 8 मधून 2 वजा केलेत, म्हणजे मोठ्यातून लहान. 34 आलं, तर दशक सुटा केला, पण दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला. पहिल्याच्या हाती काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत. दुसऱ्याला मांडणीचा थोडा सराव पुरतो. मात्र गणित नीट निवडावं लागतं. 52 वजा 27 दिलंत, तर दोन्ही चुकांचं उत्तर 35च येतं, आणि तपासणारा फसतो!

यात एक संध्याकाळ जाते, हे खरं. वाचनासाठी मी एवढा खटाटोप करणार नाही. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचे स्तर तिथे पुरेसे आहेत. गणितात मात्र चुकांचेच गट, आणि तेही त्या घटकापुरते. गुणांचे गट वर्षभर चिकटतात. ‘मागचा’ कोण, हे मुलांना आठवडाभरात कळतं.