फुजित्सूची पंचसाहाय्य प्रणाली: कोन मोजला, घोटा राहिला

जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन हात टेकून उडी मारण्याच्या, टेबलावरून हात सुटल्यापासून पाय मॅटला टेकेपर्यंत जेमतेम एक सेकंद जातो आणि तेवढ्यात गुडघे वाकले का, पाय फाकले का, गिरकी पूर्ण झाली का, हे सगळे पंचाला टिपावे लागते. शालेय आणि जिल्हा स्पर्धांत मी पंच म्हणून बसते, तेव्हा कागदावरून नजर वर जाईपर्यंत मुलगी मॅटवरून खाली उतरलेली असते. म्हणूनच जपानच्या फुजित्सू कंपनीने आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघासाठी तयार केलेल्या पंचसाहाय्य प्रणालीकडे मी पहिल्यापासून आस्थेने पाहत आले आहे. ती वापरण्याची संधी मला मिळालेली नाही. प्रसिद्ध झालेल्या चित्रफिती आणि मोठ्या स्पर्धांची प्रक्षेपणे पाहून, गुणसंहिता, म्हणजे गुण देण्याचे नियमपुस्तक, शेजारी ठेवून हे परीक्षण लिहीत आहे.

प्रणालीचे काम थोडक्यात असे: खेळाडूच्या सांध्यांच्या जागा क्षणोक्षणी टिपून ती शरीराची त्रिमितीय आकृती उभी करते, ती आकृती संहितेतल्या घटकांशी, म्हणजे नोंदवलेल्या उड्या-गिरक्यांशी, ताडून पाहते आणि कोणता घटक झाला, कोन किती अंशांचा होता, हे पंचांच्या पडद्यावर दाखवते. 2019 मध्ये स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत ती काही साधनांपुरती अधिकृतपणे वापरली गेली आणि 2023 मध्ये अँटवर्पला पुरुषांच्या सहा व महिलांच्या चार, अशा दहाही साधनांवर आली. अंतिम निर्णय मात्र पंचांचाच राहतो, आणि तो तसाच राहिला पाहिजे.

जिथे कोनाचा प्रश्न आहे, तिथे या प्रणालीला तोड नाही. महिलांच्या फ्लोअरवर किंवा बीमच्या अरुंद पट्टीवर झेपेत पाय 180 अंश उघडायचे असतात. 20 अंशांपर्यंत कमी पडले तर 0.1 वजा होतात, त्याहून अधिक कमी पडले तर 0.3. बाजूला बसलेल्या पंचाला हा 20 आणि 25 अंशांतला फरक खरोखर दिसतो, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. रिंग्जवर, म्हणजे टांगलेल्या कड्यांवर, हात आडवे पसरून शरीर स्थिर धरतात, तिथेही खांदा रिंगच्या किती वर राहिला, हे ज्या बाजूने पाहावे त्याप्रमाणे वेगळे दिसते. प्रणाली तीच आकृती समोरून, बाजूने आणि वरून दाखवते. काठिण्याच्या गुणांबद्दल, म्हणजे ‘डी’बद्दल, संघ दाद मागतो तेव्हा ही सोय फार मोलाची आहे. सादरीकरणाच्या, म्हणजे ‘ई’च्या गुणांबद्दल दाद मागताच येत नाही, तिथे दहातून वजावट करणाऱ्या पंचांपैकी टोकाचे आकडे वगळून मधल्यांची सरासरी घेतात, आणि तो आकडा खेळाडूने मान्य करायचा असतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, त्याकडे येते. अँटवर्पच्या त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सने व्हॉल्टवर यूर्चेन्को पद्धतीने, म्हणजे पाठमोरी टेबलावर येऊन, गुडघे सरळ ठेवून दोन उलट्या कोलांट्यांची उडी मारली. काठिण्य 6.4, सादरीकरण 9.366, त्यातून 0.5 वजा झाले, कारण तिचे प्रशिक्षक मॅटपाशी उभे होते. गुण मिळाले 15.266. ती मानेवर पडू नये म्हणून माणूस जवळ उभा राहिला आणि त्याची किंमत अर्धा गुण झाली. सगळे कोन अचूक मोजले, तरी हा अर्धा गुण जाणारच होता, कारण तो शरीराच्या आकृतीत नाही, नियमात आहे.

हा आकडा ऐकून मला रिओ ऑलिंपिक आठवले. 2016 च्या व्हॉल्टच्या अंतिम फेरीत भारताच्या दीपा कर्माकरच्या ‘प्रोडुनोव्हा’ उडीला नेमके 15.266 च मिळाले होते: काठिण्य 7.0, सादरीकरण 8.266. या उडीत दोन पुढच्या कोलांट्यांनंतर मॅट दिसत नसताना पाय टेकायचे असतात. दीपा इतकी खाली बसली की पंचांसमोरचा प्रश्न पाय टेकले की बैठक, एवढाच उरला होता. दोन उड्यांची सरासरी 15.066 झाली आणि कांस्यपदक 0.150 ने हुकले. पुढच्या वर्षी दीपाच्या गुडघ्याच्या अस्थिबंधावर शस्त्रक्रिया झाली. 2018 मध्ये तुर्कस्तानातल्या मर्सिनला ती व्हॉल्टचे सुवर्ण जिंकली, तेव्हा तिच्या उड्यांत प्रोडुनोव्हा नव्हती. दुखापतीचा गुणांवर होणारा परिणाम अनेकदा असाच दिसतो: खेळाडू पडत नाही, तिच्या यादीतून एक घटक कमी होतो आणि ‘डी’ खाली येतो.

मनाची दुखापतही अशीच आकड्यांत उतरते. टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत बाइल्सला व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या आणि 13.766 मिळाले. आपण हवेत कुठे आहोत हेच तिला कळेनासे झाले होते; यंत्राला दिसतात त्या दीड गिरक्या. पुढे बीमवर गिरकी नसलेली उतरण निवडून तिने कांस्यपदक घेतले. पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत पोटरी दुखत असतानाही तिने चारही साधनांवर मिळून 59.566 गुण मिळवले, तेव्हा पायाला गुंडाळलेली पट्टी सगळ्यांनी पाहिली. गुणपत्रिकेत अर्थातच तिची नोंद नाही, आणि नसावीही. लंगडणाऱ्या मुलीला सूट दिली तर निरोगी मुलीवर अन्याय होईल.

माझी तक्रार त्याबद्दल नाही. गेल्या वर्षी एका शालेय स्पर्धेत बारा वर्षांची मुलगी घोट्याला पांढरी टेप लावून आली. लँडिंगला डावा पाय आधी टेकला, मग उजवा, आणि ती एक मोठे पाऊल बाजूला गेली. मी 0.3 लिहिले. दुसऱ्या उडीलाही अगदी तसेच झाले आणि मी पुन्हा 0.3 लिहिले. तिसऱ्या साधनावर ती चढलीच नाही. दोन्ही वेळा डावा पायच आधी टेकला, हे मला घरी गेल्यावर उमगले.

सांध्यांच्या जागा क्षणोक्षणी टिपणाऱ्या प्रणालीकडे ही माहिती तिथल्या तिथे असते. एका पायावर भार पडतो आहे, सराव-उडीपेक्षा गुडघा कमी वाकतो आहे, हे मोजायला नवे यंत्र लागत नाही. पंचांच्या पडद्यावर ते मुळीच येऊ नये. पण सराव-उडी आणि स्पर्धेतली उडी यांमधला तो फरक संघाच्या डॉक्टरांकडे आणि प्रशिक्षकांकडे पुढची उडी सुरू होण्याआधी पोहोचावा, अशी व्यवस्था महासंघाने मागून घ्यावी. कोनांसाठी मी या प्रणालीला पैकीच्या पैकी गुण देते. लँडिंगनंतरच्या या कामाचे गुण मी अजून दिलेले नाहीत.