ज्येष्ठांच्या डे केअर केंद्रातील मनोरंजन : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ज्येष्ठांच्या एका डे केअर केंद्रात कार्यक्रमांची आखणी करण्याचे काम मी गेले आठ महिने स्वयंसेविका म्हणून करते आहे. केंद्रात रोज 25 ते 30 जण येतात. त्यांतील सर्वांत तरुण काका 62 वर्षांचे, तर सर्वांत ज्येष्ठ आजी 91 वर्षांच्या आहेत. कोणी काठीही न घेता येते, कोणाला चाकांच्या खुर्चीतून आणावे लागते आणि 5 जणांना स्मृतिभ्रंश आहे. पहिल्याच आठवड्यात मी एक वही घातली आणि तिच्यात तीन रकाने आखले: शेवटपर्यंत किती जण बसले, किती जणांनी स्वतः काही केले आणि दुसऱ्या दिवशी कोणी आपणहून त्या कार्यक्रमाचा विषय काढला. टाळ्यांची नोंद मात्र ठेवली नाही, कारण या पिढीत टाळ्या वाजवणे हा सभ्यतेचा भाग आहे आणि कंटाळलेला माणूसही त्या मनापासून वाजवतो. पुढील मते या वहीवरून बनलेली आहेत आणि त्यांत तिसऱ्या रकान्याला मी सर्वाधिक वजन दिले आहे.

पहिल्या महिन्यात आम्ही एका जादूगाराला बोलावले. पहिला रकाना भरला, दुसऱ्यात दोन नावे आली आणि तिसरा रिकामाच राहिला. हातचलाखी मागच्या रांगेतून दिसत नव्हती, विनोद इतक्या वेगाने येत होते की ऐकू कमी येणाऱ्यांना ते कळेपर्यंत पुढचा सुरू होई, आणि शेवटी त्यांनी कानाशी येईल असा एक फुगा फोडला. स्मृतिभ्रंश असलेल्या एक आजी त्या आवाजाने दचकल्या आणि ‘मला घरी जायचे आहे’ हे त्यांचे पालुपद संध्याकाळपर्यंत थांबले नाही. दोष जादूगाराचा नव्हता. ते काय करणार आहेत हे मीच आधी विचारले नव्हते. आता बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कलाकाराला अचानक मोठा आवाज, अंधार किंवा लखलखणारे दिवे यांपैकी काही आहे का, हे मी फोनवरच विचारून घेते.

गाण्यांच्या बाबतीत माझी चूक अधिक सूक्ष्म होती. ‘जुनी गाणी’ एवढे ठरवले की काम झाले, असे मला वाटत असे. माणसाला साधारण 10 ते 30 या वयातील आठवणी उतारवयात इतर काळापेक्षा जास्त आणि ठळकपणे आठवतात, हे मानसशास्त्रातील चांगले पारखलेले निरीक्षण आहे, आणि गाण्यांनाही ते लागू पडते. हा हिशेब आमच्या केंद्राला लावून पाहिला, तेव्हा 62 वर्षांच्या काकांचा तो काळ 32 ते 52 वर्षांपूर्वीचा आणि 91 वर्षांच्या आजींचा 61 ते 81 वर्षांपूर्वीचा निघाला, म्हणजे दोघांच्या तरुणपणाचे एक वर्षही एकमेकांत मिसळत नाही. काकांना आवडणारी गाणी आजींच्या लेखी ‘मुलांचा गोंगाट’ होती, असे त्यांनी मला नंतर शांतपणे सांगितले. आता दर आठवड्याला वेगवेगळ्या वयाचे दोघे मिळून गाणी निवडतात.

दुसरी सुधारणा पेटी वाजवणाऱ्या काकांनी सुचवली. वयानुसार स्त्रियांचा आवाज खाली उतरतो, त्यामुळे मूळ पट्टीतील वरचे स्वर गाठता येत नाहीत आणि लोक गप्प बसतात. त्यांनी पट्टी दोन-तीन स्वरांनी खाली घेतली, तेव्हा इतके आठवडे नुसते ओठ हलवणाऱ्या आजींचा आवाज प्रथमच ऐकू आला. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवून उपयोग होत नाही, हेही येथेच शिकले. वाढत्या वयात उंच कंपनांचे ध्वनी आधी हरवतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने निसटतात आणि आवाज पोहोचूनही शब्द कळत नाही. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना तर मोठा आवाज हा छळच असतो. म्हणून ध्वनिक्षेपक जवळ आणि हळू ठेवतो, शब्द मोठ्या अक्षरांत समोर लावतो. एक आजोबा एका ठरावीक गाण्याला दर वेळी रडतात. ते गाणे वगळावे का, असे विचारल्यावर ते म्हणाले, ‘राहू दे, तेवढेच एक आहे.’ ते यादीत आहे.

हाऊजी हा सर्वांच्या माहितीचा खेळ आहे, पण माझ्या मते त्याला वाजवीपेक्षा जास्त मान मिळतो. तिकिटावर तीन आडव्या ओळी, नऊ रकाने आणि 15 आकडे असतात. बाजारातील तिकिटावर ते इतके बारीक असतात की अर्धा वेळ चष्मे पुसण्यात जातो. आम्ही तिकीट जाड, चकाकी नसलेल्या पांढऱ्या कागदावर मोठ्या काळ्या आकड्यांत छापून घेतले. निळे आकडे मुद्दाम टाळले, कारण वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळसर होते आणि निळ्या-हिरव्यातील फरक ओळखणे कठीण जाते. हात थरथरणाऱ्यांसाठी तिकिटाखाली रबरी चटईचा तुकडा ठेवला आणि खुणेसाठी लाकडी चकत्या आणल्या. आकडे पुकारताना ‘सहा-सात, सदुसष्ट’ असे फोड करून सांगावे आणि पाटीही दाखवावी, नाहीतर सदुसष्ट आणि अडुसष्ट यांवरून भांडणे होतात. आमच्याकडे झाली आहेत. न गाणाऱ्या, न बोलणाऱ्या पुरुषांना गटात आणण्यासाठी हा खेळ चांगला आहे. तरीही दुसऱ्या दिवशी त्याविषयी कोणी बोलत नाही. आठवड्यातून एकदा पुरे.

खुर्चीत बसून फुगा एकमेकांकडे टोलवण्याच्या खेळाची मी आधी थट्टा केली होती, ती मागे घेते. फुगा हळू खाली येतो, त्यामुळे हात उचलायला वेळ मिळतो. फुटू नये म्हणून आणि रबराची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी आता त्याऐवजी हवा भरलेला हलका प्लास्टिकचा चेंडू वापरतो. खुर्च्यांना हात हवेत, चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावलेला हवा आणि पडलेला चेंडू उचलायला एक माणूस वेगळा हवा, नाहीतर कोणीतरी वाकतेच. वीस मिनिटांहून अधिक नको.

आता ज्या प्रकारासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे येते. दुसऱ्या महिन्यात मी प्रश्नमंजूषा घेतली होती. शिक्षक म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता स्मृतिभ्रंश जडलेल्या एका आजोबांना एक सोपा प्रश्न आला. त्यांना उत्तर आठवले नाही, शेजाऱ्याने ते पटकन सांगितले, आणि पुढचे दोन कार्यक्रम आजोबा बाहेरच्या व्हरांड्यात बसून राहिले. त्यानंतर मी चित्रावरून गोष्ट रचण्याची पद्धत सुरू केली. अमेरिकेतील ॲन बास्टिंग यांनी 1990 च्या दशकात स्मृतिभ्रंश असलेल्या लोकांबरोबर ती रुजवली, आणि तिचे मर्म असे की आठवण मागायचीच नाही, कल्पना मागायची. एक मोठे, थोडे विचित्र चित्र समोर ठेवायचे, ज्याला चुकीचे उत्तर नाही असे प्रश्न विचारायचे आणि जे येईल ते, परस्परविरोधी असले तरी, फळ्यावर लिहून मोठ्याने वाचून दाखवायचे.

आमच्या पहिल्या चित्रात रिकाम्या बसथांब्यावर एक घोडा उभा होता. तो कोणाची वाट पाहतो आहे, असे विचारले. पाय दुखतात म्हणून बसने निघाला आहे, असे एक आजी म्हणाल्या. बस चुकली आहे, असे दुसऱ्या म्हणाल्या. दारापाशी उभे असलेले शिक्षक आजोबा तेथूनच म्हणाले, ‘तो निवृत्त झाला आहे. सवयीने येतो.’ ते वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि ते आत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी चौघांनी घोड्याची चौकशी केली. वहीच्या तिसऱ्या रकान्यातील तोवरची ती सर्वांत मोठी नोंद होती. घोड्याची गोष्ट सहा आठवडे चालली. या कार्यक्रमाचा खर्च जवळपास नाही. मात्र लिहून घेणाऱ्याने स्वतःची कल्पना पुढे दामटायची नाही, हे पथ्य पाळणे वाटते त्यापेक्षा अवघड आहे.

आठवणी जागवणाऱ्या वस्तूंचा खोकाही आम्ही वापरतो. फाउंटन पेन, जुने कुलूप, शिलाई मशीनची बॉबिन अशा हातात घेता येणाऱ्या वस्तू त्यात आहेत. म्हातारपणी गतायुष्याकडे वळून पाहणे हे खचण्याचे लक्षण नसून स्वाभाविक आहे, हे रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1963 मध्ये मांडले होते, आणि ते पटते. पण प्रत्येक आठवण सुखाची नसते. एका काकांनी कुलूप हातात घेतले आणि लगेच खाली ठेवले. मी कारण विचारले नाही.

शाळकरी मुले येऊन नाच करून गेली, त्या दिवसाची छायाचित्रे सुंदर आहेत आणि वही कोरी आहे. तीच मुले पुढच्या वेळी एकेका आजी-आजोबांजवळ बसून बटण शिवायला शिकली, तेव्हा निघायला उशीर झाला.

वेळेविषयी थोडेसे. स्मृतिभ्रंशासाठीच्या बौद्धिक चालना उपचाराची 2003 मध्ये ब्रिटनमध्ये चाचणी झाली, तिची रचना सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी 45 मिनिटे अशी होती. आमचा कार्यक्रम उपचार नव्हे, तरी 45 मिनिटांची मर्यादा मी तेथून उचलली आणि ती अचूक ठरली. कार्यक्रम सकाळी 11 वाजता ठेवतो, कारण दुपार कलली की स्मृतिभ्रंश असलेल्यांची अस्वस्थता बहुधा वाढते. स्वच्छतागृहाची वाट मोकळी असते, दाराजवळ चार खुर्च्या नुसते पाहणाऱ्यांसाठी ठेवलेल्या असतात आणि एकदा ‘नको’ म्हणालेल्या माणसाला त्या दिवशी पुन्हा आग्रह होत नाही.

गेल्या महिन्यात त्याच जादूगाराला पुन्हा बोलावले. या वेळी रंगमंच नव्हता. ते एकेका टेबलाशी बसून चार-चार जणांना दोरीच्या गाठीची एक युक्ती शिकवत फिरले आणि फुगा त्यांनी आणलाच नाही. 62 वर्षांचे काका दोरी घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी नातवासमोर ती गाठ सुटलीच नाही, अशी तक्रार घेऊन दार उघडण्याआधीच येऊन उभे राहिले.