१४ फुटी टूरिंग कयाक (लांब पल्ल्याची, वल्ह्यानं चालवायची अरुंद होडी), माझा दुसरा
पहिला १० फुटी, रुंद, सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वरच बसायचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या संथ पाण्यात लय भारी, पोराला पुढं बसवलं तरी डुलत नाही. पण तोच बामणोलीला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात नेला आन दुपारी वारा सुटला की पुढचं टोक सारखं इकडंतिकडं फिरायचं, निम्मी ताकद सरळ ठेवण्यातच जायची, म्हणून हा घेतला. लांब आन अरुंद, त्यामुळं पाणी कापत सरळ जातो, मागचा स्केग (तळाचं उभं पातं) खाली सोडला की वाऱ्यात पण लाईन धरतो. खरंच सांगतो, तापोळ्यापर्यंत हात भरून आले नाहीत! वळवायला मात्र जड, आणि गाडीच्या टपावर एकट्यानं चढवणं अवघड. जुना विकणार नाही, नदीला तोच पाहिजे. आता डिकीत मावणारा हवा भरायचा पण बघतोय.