कपाळावरची आठी: पेप्टाइड सीरम, ट्रेटिनॉइन की इंजेक्शन?

माझ्या मोठ्या नणंदबाई परळच्या शाळेत पाचवीला शिकवतात. जूनमध्ये शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलीने त्यांना विचारलं, “बाई, तुम्ही रागावलात का?” ताई रागावल्या नव्हत्या, हजेरी घेत होत्या. संध्याकाळी त्या थेट आमच्या दुकानात आल्या आणि मोबाइलवरची जाहिरात माझ्यासमोर धरली. “अगं, हे सीरम लावलं की इंजेक्शनची गरजच नाही म्हणे. मार्गशीर्षात लेकीचं लग्न आहे. घेऊ का?”

दादरला आमचं केमिस्टचं दुकान आहे आणि मी फार्मसिस्ट आहे. काउंटरवर हा प्रश्न आता आठवड्याला चार-पाच जणी तरी विचारतात. गर्दीच्या वेळी दोन वाक्यांत उत्तर देते आणि मग रात्रभर चुटपुट लागते की पुरतं सांगितलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी आरसा घ्या. आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि इथे दोन्हींची गरज पडते. कपाळाला पडते ती आठी, कातडीवर कायम राहते ती सुरकुती. आठी स्नायू पाडतो: भुवया आवळल्या की पडते, सोडल्या की जाते. पैठणी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली तर घडीवर रेघ उमटते, आणि साडी उलगडली तरी ती रेघ जात नाही. चेहऱ्याचंही तसंच होतं. सकाळी खिडकीजवळ उभं राहा, भुवया आवळा आणि सोडा. चेहरा सैल सोडल्यावर रेघ पूर्ण गेली तर अजून आठीच आहे. राहिली तर घडी बसली आहे. ताईंच्या दोन भुवयांमधल्या दोन उभ्या रेघा सोडल्यावरही दिसत होत्या, उजवीकडची जास्त. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

आता सीरमकडे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या घटकांची, छोटी साखळी. जाहिरातीतल्या बाटलीवर बारीक अक्षरात जे नाव असतं ते एसिटिल हेक्झापेप्टाइड-८, जुन्या बाटल्यांवर हेक्झापेप्टाइड-३. व्यापारी नाव अर्जिरेलिन. बार्सिलोनाच्या लिपोटेक कंपनीने ते काढलं. त्यामागची कल्पना खरोखर हुशार आहे. नसेच्या टोकाकडून स्नायूला आवळण्याचा निरोप जातो तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून, आणि ते बाहेर सोडायला नसेच्या आत काही प्रथिनांची जुळणी व्हावी लागते. त्यातलं एक स्नॅप-२५. बोट्युलिनमचं इंजेक्शन (बोटॉक्स हे त्याचंच एक व्यापारी नाव) हे प्रथिन कापतं, म्हणून निरोप थांबतो आणि स्नायू सैल पडतो. अर्जिरेलिन म्हणजे त्याच स्नॅप-२५ च्या टोकाची, सहा अमिनो आम्लांची नक्कल. ती जुळणीत मध्येच शिरावी आणि निरोप क्षीण व्हावा, असा हिशेब. प्रयोगशाळेतल्या पेशींवर असा परिणाम दिसलाही आहे.

अडचण वाटेत आहे. हा स्नायू कातडीच्या वरच्या थराखाली, मधल्या थराखाली आणि चरबीच्याही खाली असतो. कातडीतून सहज आत जाणाऱ्या रेणूंचं वजन साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) आत असतं, असा त्वचाविज्ञानातला २००० सालापासूनचा ढोबळ नियम आहे. अर्जिरेलिनचं वजन ८८९ च्या आसपास, आणि ते पाण्यात विरघळणारं, तर कातडीचा वरचा थर तेलकट. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियंत्रण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली मृतदेहाच्या कातडीवर ते लावून मोजलं. बहुतेक सगळं पृष्ठभागावरून धुऊन निघालं. लावलेल्यापैकी साधारण ०.२ टक्का कातडीत शिरलं, तेही बहुतेक सगळ्यात वरच्या मृत पेशींच्या थरात थांबलं. कातडीच्या मधल्या थरात सापडलं नाही.

मग “३० टक्के सुरकुत्या कमी” हा आकडा कुठून आला? तो २००२ सालच्या एका अभ्यासातला आहे. दहा बायका, ३० दिवस, १० टक्के अर्जिरेलिनचं क्रीम, आणि डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत कमी. आकडा खोटा नाही, पण तो दहा जणींचा आहे आणि पेप्टाइड काढणाऱ्यांनीच मोजलेला आहे. शिवाय बाटलीवरचे १० टक्के वाचताना एक लक्षात ठेवा: सीरम बनवणाऱ्यांना हे पेप्टाइड बहुधा तयार द्रावण म्हणून मिळतं आणि १० टक्के म्हणजे त्या द्रावणाचे. त्यात पेप्टाइड अगदी थोडं, बाकी मुख्यतः पाणी.

दुसऱ्या जातीची पेप्टाइडं स्नायूच्या वाटेला जात नाहीत. पामिटॉइल पेंटापेप्टाइड-४, म्हणजे मॅट्रिक्सिल, कातडीला नवं कोलॅजन (कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन) तयार करायची खूण देतं असं मानलं जातं. त्याला मुद्दाम चरबीचं शेपूट जोडलेलं असतं, म्हणजे तेलकट थरातून सरकायला सोपं. त्यावर २००५ साली ९३ बायकांचा, १२ आठवड्यांचा, अर्ध्या चेहऱ्यावर हे आणि अर्ध्यावर नुसतं क्रीम असा अभ्यास झाला. बारीक रेघांत फरक दिसला, लहानसा. अभ्यास करणारे प्रॉक्टर अँड गॅम्बलचेच होते, पण मांडणी नीट होती, म्हणून दोन्हींत मी याला थोडे जास्त गुण देते. आणि “सापाच्या विषाचं क्रीम” मागणाऱ्यांसाठी: त्यात विष नसतं. एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडवरून बेतलेला कृत्रिम रेणू असतो.

मी स्वतः लावून पाहिलं. गेल्या नोव्हेंबरपासून आठ आठवडे, उजव्या डोळ्याच्या कडेला अर्जिरेलिनचं सीरम आणि वर मॉइश्चरायझर, डाव्या बाजूला नुसतं मॉइश्चरायझर. दर रविवारी सकाळी आठला स्वयंपाकघराच्या खिडकीत फोटो. शेवटी उजवीकडच्या केसासारख्या बारीक रेघा जरा पुसट वाटल्या. हसल्यावर मात्र दोन्ही बाजूंना त्याच तीन रेघा, तितक्याच खोल. त्या सीरममध्ये ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिडही होतं, म्हणून पुसटपणाचं श्रेय पेप्टाइडला द्यायला माझं मन धजत नाही. ओलाव्याने फुगलेली कातडी गुळगुळीत दिसतेच.

तरी मी सीरम टाकाऊ म्हणत नाही. ते जळजळत नाही, मुंबईच्या दमट हवेत चिकटत नाही, आणि आठी नुकतीच पडू लागलेल्या, पस्तिशीतल्या कोरड्या कातडीला बरं दिसतं. ज्यांना ट्रेटिनॉइन (सुरकुत्यांवर लावायचं औषध, त्याबद्दल पुढे) सोसत नाही त्यांना मी तेच देते. फक्त इंजेक्शनच्या जागी म्हणून कुणी घेऊ नये.

ट्रेटिनॉइन हे औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. कातडीवरचा त्याचा परिणाम १९८० च्या दशकापासून तपासला गेला आहे आणि लावायच्या औषधांत बारीक सुरकुत्यांवर याच्याइतका पुरावा दुसऱ्या कशाला नाही. ते स्नायूला हात लावत नाही, म्हणून आवळल्यावरची आठी पडतच राहणार. ते काम करतं बसलेल्या घडीवर: कोलॅजन वाढतं, रेघ उथळ होते. वेळ लागतो, तीन ते सहा महिने. सुरुवात ०.०२५ टक्क्याने, मटारच्या दाण्याएवढं, एक रात्र सोडून एक रात्र. पहिल्या काही आठवड्यांत लाली येते, कातडी सुटते, आणि तिथेच निम्म्या जणी सोडून देतात. गरोदरपणात किंवा बाळाचा विचार चालू असताना लावायचं नाही. लग्नघरातल्यांसाठी आणखी एक: हे चालू असताना चेहऱ्याला वॅक्स करू नका, कातडी सोलून निघते.

आणि कृपा करून ट्यूबवरचं नाव पूर्ण वाचा. “ट्रेटिनॉइन द्या” म्हणून येणाऱ्यांच्या हातात पुष्कळदा जुनी रिकामी ट्यूब असते आणि तिच्यावर ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) आणि मोमेटासोन लिहिलेलं असतं. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. ती ट्यूब डागांसाठी, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली वापरायची असते. गोरेपणासाठी म्हणून ती वर्षभर लावलेले चेहरे मी पाहिले आहेत: पातळ, लाल, उन्हात पाऊल टाकलं की आग. सुरकुतीसाठी ती कधीच नाही.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात, कारण ते काम करतं यात वाद नाही. भुवयांमधल्या रेघांसाठी बोटॉक्सला अमेरिकेत २००२ साली मान्यता मिळाली. त्या जागेचा ठरलेला डोस २० युनिट. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, पुरता दोन आठवड्यांत, आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने, किंवा मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्याने घेऊ नये. घडी खोल असेल तर एका खेपेत ती पूर्ण जात नाही, स्नायू सैल राहिल्याने हळूहळू उथळ होते.

धोका असतो तो देणाऱ्या हाताचा. माझ्या मावसबहिणीने एका पार्लरमध्ये सवलतीत घेतलं. आठवड्याभरात डावी पापणी खाली आली आणि वर यायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस ती ऑफिसात काळा चष्मा लावून बसत होती. औषध कोणतं, किती युनिट, हे कुणी सांगितलं नाही, कागद दिला नाही. पापणी चांगल्या डॉक्टरकडूनही क्वचित उतरते, पण तिथे फोन उचलणारं कुणी असतं. म्हणून नोंदणीकृत त्वचारोगतज्ज्ञच गाठा, कुपी समोर उघडायला सांगा, औषधाचं नाव आणि युनिट लिहून घ्या. दोन कंपन्यांची युनिटं सारखी नसतात, म्हणून “तिकडे युनिट स्वस्त” या बोलण्याला अर्थ नाही.

पैशांचा हिशेब ताईंनी माझ्याच बिलबुकाच्या मागे मांडला. सीरम ६०० रुपयांचं धरलं आणि बाटली दोन महिने पुरली, तर वर्षाला ३,६००. इंजेक्शन युनिटला ३०० रुपये धरलं तर एका वेळेचे ६,०००, वर्षातून तीनदा १८,०००. ट्रेटिनॉइनची ट्यूब यांत सगळ्यात स्वस्त. डॉक्टरची फी वेगळी.

या तिन्हींच्या आधी सनस्क्रीन येतं, आणि इथे मी कुणाचं ऐकत नाही. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी इतरांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली. एसी लोकलच्या काचेतूनही उन्हातली यूव्हीए (अतिनील) किरणं येतात, पावसाळी ढगांतूनही. एसपीएफ ३० किंवा वर, आणि घाम पुसला की पुन्हा.

माझा कौल असा. रेघ आवळल्यावरच दिसते आणि घाई नाही: सनस्क्रीन, आणि हौस असेल तर सीरम. रेघ बसली आहे आणि सहा महिने हातात आहेत: ट्रेटिनॉइन. तारीख ठरली आहे आणि भुवयांमधली रेघच मनाला लागते आहे: इंजेक्शन, समारंभाच्या निदान महिनाभर आधी, म्हणजे दोन आठवड्यांनी कमी-जास्त दुरुस्त करायला जागा राहते.

ताईंना सुईची भीती आहे. आम्ही दोघी मिळून त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी ट्रेटिनॉइन लिहून दिलं आणि भुवयांमधलं तेवढं इंजेक्शन दिवाळीनंतर घ्यायचं की नाही, हे नवरात्रात फोटो बघून ठरवू म्हणाले. पहिला फोटो मी परवा काढला, दुकानाच्या दारात, सकाळी आठ वाजता. ताईंनी आधी भुवया आवळल्या, मग सोडल्या. दोन्ही फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. सीरम त्यांनी घेतलं नाही, सनस्क्रीनच्या दोन ट्यूबा घेतल्या, एक शाळेच्या पिशवीत ठेवायला.