‘ब्याड’ म्हणणारं दुकान : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, मृग निघायच्या तोंडावर, सोलापूर-विजयपूर रोडला आमच्या बाजूच्या एका शेती आणि घरसामानाच्या दुकानाचं नवं शेड उघडलं. तेव्हापासून खतापासून कुकरच्या रिंगेपर्यंत आमच्या घरातलं सगळं तिथूनच येतंय. नाव लिहीत नाही. तक्रारीही लिहायच्या आहेत, आणि मालकांचं तोंड दिवसाआड बघावं लागतं.

आधी थोडं मागचं. दुकानाचे थोरले, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो, ते मंद्रूपच्या बाजारात पोतं अंथरून दावी, कासरे, म्होरक्या विकायचे. मी शाळेत असताना त्यांचं पत्र्याचं खोकं झालं. त्यात खुरपी, विळे, घमेली आली. मग मुलानं खता-बियाण्याचा परवाना काढला. कीटकनाशकाच्या परवान्याला शेतीचं शिक्षण लागतं, म्हणून थोरल्या नातवाला बी. एस्सी. ॲग्रीला घातलं. धाकटा नातू पुण्याला नोकरी करून परत आला, आणि पुढच्या अर्ध्या शेडात मिक्सर, कूलर, पाण्याच्या टाक्या, दुधाच्या किटल्या, डबे लागले ते त्याच्या डोक्यातून. पोत्यावरचा धंदा तीन पिढ्यांत एवढा झाला. कर्ज किती आहे ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आता ‘ब्याड’. आमच्याकडे निम्मं गिऱ्हाईक कन्नड बोलतं. आप्पा मराठी माणसाशीही बोलता बोलता कन्नडात घसरतात, आणि त्यांच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारा शब्द ‘ब्याड’, म्हणजे नको. दुकानदारानं नको म्हणायचं हे आक्रीतच. पण माझ्या मते त्या दुकानाचं खरं भांडवल तेच आहे.

माझी अडीच एकर डाळिंब आहे, बाकी ज्वारी आणि तूर. जुलैत पाऊस लागून राहिला आणि बागेत तेल्या रोगाचे डाग दिसायला लागले. घाबरून दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं (हा घरातला नव्हे, पगारी) लगेच एक बाटली पुढं केली. ‘काका, एका फवारणीत तेल्या गायब.’ किंमत विचारली तर घाम फुटला. आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले, ‘ब्याड. आधी डागाळलेल्या फांद्या काप, फळं गोळा कर, बागेबाहेर नेऊन जाळ. मग मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना घे.’ किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी, हे एक टक्का बोर्डो मिश्रणाचं प्रमाण बी. एस्सी.वाल्या नातवानं कागदावर लिहून दिलं, आणि मोरचूद लोखंडी भांड्यात कालवू नका हेही सांगितलं. तेल्या जिवाणूमुळं येतो, तो बाटलीनं मुळासकट जात नाही, बागेची सफाई हाच निम्मा उपाय, हे केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातले लोकही सांगतात. बाग पूर्ण स्वच्छ झाली असं म्हणणार नाही, पण आटोक्यात आली. त्या दिवशी दुकानाचा नफा किती बुडाला त्याचा हिशेब मी मनातल्या मनात केला होता.

त्याच महिन्यातली दुसरी बाजू. युरियाची ओढाताण होती. मशीनवर अंगठा दिला, ४५ किलोच्या गोणीचे २६६ रुपये ५० पैसे काढले, तर पगारी पोरगा म्हणतो, ‘सोबत ही एक बाटली घ्यावी लागंल.’ याला लिंकिंग म्हणतात आणि ते नियमात बसत नाही. मी घेणार नाही म्हटलं. पोरगा म्हणाला, कंपनीवाले आमच्या गळ्यात मारतात, आम्ही कुणाच्या मारायची? खरंही असेल. पण त्याचा भार माझ्या खिशावर का? आप्पा जेवायला घरी गेले होते. शेवटी आप्पांच्या मुलानं आतून येऊन गोणी नुसती दिली, पण चेहरा पाडूनच. माझ्या मागं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं मात्र गुमान बाटली घेतली. ते अजून खटकतं.

फवारणीचा पंप जूनमध्येच घेतला होता, सोळा लिटरचा, बॅटरीवरचा. पाचव्या महिन्यात बॅटरी बसली. चार पंप मारले की धार मंद. वॉरंटी सहा महिन्यांची, पण कंपनीचा माणूस येतो-येतो म्हणत तीन आठवडे आला नाही. इथं मागच्या कोपऱ्यानं हात दिला. शेडाच्या पाठीमागं आप्पांचा मुलगा स्वतः टेबल टाकून बसतो: वॉशर, नोझल, चार्जरची पिन, कडबाकुट्टीची पाती. नवी बॅटरी येईपर्यंत त्यानं दुकानातला जुना पंप वापरायला दिला, भाडं घेतलं नाही. पुढच्या काचेच्या शोकेसपेक्षा हा तेलकट टेबल मला मोलाचा वाटतो. धाकट्या नातवाला तिथं म्हणे मोबाईलच्या ॲक्सेसरीज लावायच्या आहेत. लावू नये.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीना नदीला पूर आला. वडकबाळच्या पुलापाशी महामार्ग बंद झाला, आणि हाकेवरचं सोलापूर नदीपलीकडं राहिलं. आमच्या ओढ्याला फुगवटा येऊन खालच्या अर्ध्या एकरातलं ठिबक वाहून गेलं, कडब्याची गंजी भिजली. त्या आठवड्यात दुकानानं ताडपत्री, दोर, कांडी पेंड जुन्याच भावानं दिली, आणि दिली ती उधारीच्या वहीवर लिहून. वही हा तिथला नाजूक विषय आहे. नव्या शेडात संगणक आला, तेव्हा धाकट्या नातवानं ‘सुगीवर देतो’ म्हणून चालणारी उधारी बंद केली होती. तीस दिवस झाले की मोबाईलवर मेसेज. ज्वारी फेब्रुवारी-मार्चशिवाय निघत नाही, ती काय मेसेज बघून लवकर पिकणार आहे? पुरात आप्पांनी ती जुनी लाल वही कपाटातून काढली, आणि अजून ती काउंटरखालीच आहे.

ऑक्टोबरात ठिबकाची नवी नळी, म्हणजे लॅटरल, घ्यायला गेलो. १६ मिमीची चार बंडलं. ठिबकावरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता. बिल बघितलं तर १२च. संगणकात दर बदलला नव्हता म्हणे. माझे सुमारे साडेअकराशे रुपये जात होते. दाखवल्यावर बिल फाडून नवं केलं, चहा पाजला. पण त्या दहा-बारा दिवसांत ज्यांनी बिल न बघता खिशात घातलं त्यांचं काय झालं, हे मी विचारलं आणि उत्तर नीट मिळालं नाही. तिथं जाणाऱ्यानं बिल उभ्या उभ्या वाचावं.

आमच्या घरात या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आता मी नाही. बायको आणि आई आहे. जुन्या खोक्यात बायका पाऊल टाकत नसत. औषधाचा वास, बाहेर विड्या ओढणारी माणसं. आता त्या थेट जातात. घरसामानाकडं बिलाला मोठी सूनच बसते, तिला वस्तू आणि भाव दोन्ही पाठ आहेत. येळवसच्या (वेळ अमावास्येच्या) आधी आईनं तिथून मोठं पातेलं आणि किटल्या घेतल्या, शेतात आंबील न्यायला. बायकोनं मिक्सर घेतला, चार महिने झाले, दाण्याची चटणी करतो, तक्रार नाही. आई अजून उखळच म्हणते, ते सोडा. माझ्या अंदाजानं शेड चालतंय ते या अर्ध्या भागावर. खताच्या गोणीत सुटतंच किती?

गर्दीचं सांगायचं तर बेंदूर आणि कारहुणवी या बैलांच्या सणांच्या आधीचे चार दिवस जाऊच नये. घुंगरं, झुली, गोंडे, रंग यांच्यासाठी उभं राहायला जागा नसते, आणि पैसे आले की ओरडणारा तो डबा डोकं उठवतो.

जानेवारीत आप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने खुर्ची रिकामी. त्याच काळात मी गवत कापायचं पेट्रोलचं मशीन बघायला गेलो. धाकटा नातू म्हणाला, ‘घ्या की काका, मजुरी वाचंल.’ कुणी नको म्हणायला नव्हतं. घेतलं. डाळिंबाच्या ओळीत ठिबकाच्या नळ्या आडव्या येतात, पहिल्याच दिवशी दोन कापल्या. बांधावर दगड. तिसऱ्या दिवशी मशीन गोठ्यात टांगलं.

गेल्या आठवड्यात आप्पा काठी टेकत दुकानात आले. मी नोझल घ्यायला गेलो होतो. मशीनचं कसं काय कळलं देव जाणे, विचारलं, ‘कुणी दिलं तुला ते?’

‘तुमच्या नातवानं.’

आप्पांनी नातवाकडं पाहिलं. त्यानं बिलाच्या संगणकात मान घातली. मग आप्पा मला म्हणाले, ‘आणून ठेव हितं. गिऱ्हाईक लागलं तर बघू. पण तुला नवं काय घ्यायचं असलं तर मी असताना ये.’

मशीन आता त्या तेलकट टेबलाच्या वर, खिळ्याला आहे. चालू स्थितीत, तीन दिवस वापरलेलं. सपाट रान असलेल्या कुणाला हवं असेल तर बघून यावं, पण आप्पा खुर्चीत असताना गेलात तर ते विकतील याची खात्री मी देत नाही.